फेरफाराचा नंबर धरून मागे: तालुक्याच्या दप्तरातून घराण्याचा इतिहास कसा शोधायचा

माझ्या पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पणजोबांचं नाव सगळ्यांना पाठ होतं, पण तिला सगळे 'थोरली आई' एवढंच म्हणत. तिला पाहिलेली माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर नावही गेलं. ते मला सापडलं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, एका जुन्या फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या, नोंदीत. पणजोबा तरुणपणीच वारले होते. वारस म्हणून दोन मुलांची नावं होती आणि त्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अज्ञान, अ.पा.क. आई', आणि तिचं तीन अक्षरी नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मुलं लहान होती म्हणून सरकारला त्यांच्या पालकाचं नाव लिहावं लागलं आणि त्यामुळे आमची पणजी आम्हाला मिळाली.

आपल्याकडे वंशावळ म्हटलं की लोक त्र्यंबकेश्वरच्या किंवा पैठणच्या उपाध्यायांच्या वह्या, दक्षिणेकडे वंशावळी सांगणारे हेळवी, विदर्भ-खानदेशात भाट यांचं नाव घेतात. त्या वह्या जरूर पाहाव्यात. पण गावोगावच्या साध्या माणसांची नावं सरकारी दप्तरात जितकी आहेत तितकी दुसरीकडे क्वचितच असतील. शेतसारा, मालकी, जन्म-मृत्यू, शाळा यासाठी ती लिहिली गेली. ती वाचायची कशी, हे खाली माझ्या अनुभवाच्या क्रमाने सांगतो.

आधी घरची पेटी

कचेरीत जाण्याआधी आठ-पंधरा दिवस घरात घालवा. जुन्या शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, खातेपुस्तिका, खरेदीखताची नक्कल, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, यातला एकही कागद फेकू नका. पावतीवर गावाचं नाव आणि खाते नंबर असतो, आणि पुढच्या शोधाला तेवढंच लागतं.

मग घरातल्या थोरल्या माणसांशी बोला. 'आपले पूर्वज कोण' असं विचारलं तर गोष्टी ऐकायला मिळतात, त्याही लिहून ठेवा. पण मुख्य प्रश्न नेमके हवेत: मळ्याचं नाव काय? बांधाला बांध कुणाचा? आत्या कोणकोणत्या गावी दिल्या? घरात कोण साथीत गेलं? माझ्या चुलत आजीने 'पाटाकडची पट्टी' हे नाव सांगितलं नसतं, तर आमचा जुना सर्व्हे नंबर मला ओळखता आला नसता.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतो. कचेरीत जाण्याआधी भाऊबंदांना सांगा. गावात कुणी जुने उतारे काढतोय हे दोन दिवसांत कळतं आणि पहिली शंका वाटणीची येते. मी आधी सांगितलं नाही, त्यामुळे एका चुलत्यांनी वर्षभर बोलणं टाकलं. नंतर त्यांनाच सोबत नेलं, तेव्हा निम्मी नावं त्यांनीच ओळखली.

सातबाऱ्यापासून सुरुवात

गाव नमुना ७ म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद आणि १२ म्हणजे पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. गट नंबर माहीत नसेल तर नावावरूनही शोधता येतो. गाव नमुना ८अ म्हणजे एका खात्यावरच्या सगळ्या जमिनींची यादी. तोही काढून घ्या, एखादा विसरलेला तुकडा त्यात दिसतो.

सातबाऱ्यावर आज कुणाची नावं आहेत हे तुम्हाला बहुधा माहीतच असतं. खरं लक्ष द्यायचं ते नावासमोरच्या आकड्याकडे. तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे कोणत्या नोंदीने आलं ते तो सांगतो. संगणकीकृत उताऱ्यात तळाशी 'जुने फेरफार क्र.' म्हणून एक ओळ असते, तिथे कधी पाच, कधी वीस आकडे असतात. हे सगळे आकडे वहीत उतरवून घ्या. तुमच्या घराण्याचा रस्ता या आकड्यांमधूनच जातो.

संगणकाच्या आधीचे हस्तलिखित सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. दर दहा वर्षांनी सातबारा नव्याने लिहिला जायचा, म्हणून एकाच जमिनीचे लागोपाठचे उतारे मागा. त्यात कमी झालेल्या नावाला कंस केलेला दिसेल आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा आकडा. कंसातलं नाव म्हणजे तुमची मागची पिढी.

फेरफार: या शोधाचं काळीज

गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीच्या हक्कात जो बदल झाला तो इथे तारखेसह, कारणासह आणि मंडळ अधिकाऱ्याच्या किंवा त्या काळच्या सर्कलच्या शेऱ्यासह लिहिलेला असतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा. गावागावात ती पुढच्या वर्षांत सुरू झाली, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात फेरफारांनी साधारण शंभर वर्षं मागे जाता येतं.

वारसाची नोंद साधारण अशी असते: अमुक हा अमुक तारखेस मयत, त्यास वारस मुलगा अमुक वय इतके, विधवा अमुक, मुलगी अमुक राहणार अमुक गाव. चार ओळींत एक अख्खं घर. ती वाचताना पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

तारीख दोनदा पाहा. मृत्यूची तारीख वेगळी आणि नोंदीची वेगळी. नोंद कधी कधी दहा-वीस वर्षांनी, कर्ज काढताना किंवा जमीन विकताना होते. नोंदीच्या सालाला मृत्यूचं साल धरलं तर पुढचं सगळं गणित चुकतं.

'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर जमीन असली तरी मागे तीन-चार धाकटे भाऊ असू शकतात. त्यांची नावं पुढे वाटणीच्या फेरफारात निघतात, म्हणून वाटणीची नोंद कधीच सोडू नका.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदीत मुली बहुधा नसतात. नोंदीत फक्त मुलगे आहेत म्हणून घरात मुली नव्हत्या असं समजू नका. १९५६ नंतर त्या दिसू लागतात, आणि कितीदा तरी त्या दिसतात त्या हक्कसोडपत्रात. बहिणीने भावासाठी हक्क सोडला, त्या कागदावर तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, वय सगळं असतं. अशा एका कागदावर मला आजोबांच्या चार बहिणी एका रांगेत अंगठे उठवलेल्या सापडल्या. त्यातल्या दोघींबद्दल घरात कधी कुणी बोललंही नव्हतं.

एका फेरफारातून मागच्या फेरफाराकडे, असं एकेक पायरीने मागे जा. मधली पायरी सोडून 'आपलं घराणं मूळचं अमुक गावचं' या ऐकीव गोष्टीकडे उडी मारू नका. सारख्या नावाची दोन घरं एका गावात नेहमी असतात आणि उडी मारणारा माणूस दुसऱ्याच्या पूर्वजांना आपले म्हणून घरी आणतो.

गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर

बहुतेकांचा शोध इथे अडतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजचा गट १४२ हा जुना सर्व्हे ३७ चा पोटहिस्सा असू शकतो. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा. त्यात कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते मिळतं. जुना नंबर हाती आला की फेरफारांची साखळी पुन्हा जुळते.

त्याच कार्यालयात आकारबंद, टिपण, गुणाकार बुक, फाळणीबारा असतात. ही मोजणीची कागदपत्रं, त्यात माणसं कमी. पण मूळ मोजणीच्या वेळचं शेतवार किंवा प्रतिबुक मिळालं तर खातेदाराचं नाव मिळू शकतं. इंग्रजांची रयतवारी मोजणी आणि तीस वर्षांची जमाबंदी, म्हणजे साऱ्याची ठरावणी, १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून सुरू झाली, म्हणजे हा कागद एकोणिसाव्या शतकात नेऊ शकतो.

तुमचा मुलूख कोणता होता

आजचा महाराष्ट्र १९६० चा. त्याआधी तुमचं गाव कुणाच्या अमलात होतं त्यावर कागदाचं नाव आणि भाषा ठरते. पश्चिम महाराष्ट्रात सातबाऱ्याआधीचं कडईपत्रक, पाहणीपत्रक मागायचं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथला जुना कागद उर्दूत निघतो. त्यानंतरचं १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक तिथे फार उपयोगी पडतं. नागपूरकडे मालगुजारी होती, ती १९५१ मध्ये गेली. तिथे बंदोबस्ताची, म्हणजे तिथल्या जमाबंदीची, मिसल (फाईल) आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख विचारा. कोकणात खोती १९४९ च्या कायद्याने गेली, त्याआधी तुमचे पूर्वज खोताचे कूळ म्हणून नोंदलेले असतील. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, सावंतवाडी अशा संस्थानांची दप्तरं वेगळी. गोव्यात पोर्तुगीज काळातली जन्म-विवाह-मृत्यूची नागरी नोंदणी १९१४ पासूनची आहे.

जिल्हेही फुटले. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१, लातूर आणि गडचिरोली १९८२, वाशीम आणि नंदुरबार १९९८, हिंगोली आणि गोंदिया १९९९, पालघर २०१४. जुना कागद कधी मूळ जिल्ह्यातच राहिलेला असतो. 'इथे नाही' असं उत्तर आलं तर जुना तालुका आणि जिल्हा कोणता होता ते विचारा. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, जुन्या कागदावर तेच नाव असणार.

जमीन नव्हती त्यांनी कुठे शोधायचं

सातबारा जमीनवाल्यांचा. ज्यांना गावाने जमीनच ठेवू दिली नाही त्यांचे पूर्वज त्यात नसतात, आणि म्हणून लोक हात झटकून परत येतात. तसं करू नका.

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू त्यात यावा अशी अपेक्षा होती, मग तो कुणाच्याही घरचा असो. तहसीलच्या अभिलेख कक्षात ही पुस्तकं गाववार असतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. म्हणून आजोबांचं नाव शोधत बसू नका. पणजोबांचं नाव शोधा आणि आजोबांच्या भावंडांच्या वयाशी जुळवा. मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो: ताप, पटकी, देवी, प्लेग. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचं पान उघडलं तर थोडा वेळ जवळ ठेवा. एकाच घराची नावं आठवड्याभरात तीनदा आलेली मी पाहिली आहेत आणि त्या दिवशी पुढचं काही वाचता आलं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतात.

वतनाचे, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात मिळालेल्या जमिनीचे, कागद हा दुसरा रस्ता. महार, रामोशी यांची सरकार उपयोगी वतनं इनाम वर्ग ६ब मध्ये नोंदलेली होती. ती १९५८ च्या कायद्याने संपली आणि जमिनी मूळ वतनदारांना परत देताना नावानिशी फेरफार झाले. तो फेरफार मिळाला तर तक्षीमदारांची, म्हणजे वतनातल्या हिस्सेदारांची, अख्खी यादी हाती येते. कूळ असाल तर १ एप्रिल १९५७, म्हणजे कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचा कृषकदिन, त्यानंतरच्या कूळकायद्याच्या कलम ३२ग च्या नोंदी पाहा. सातबाऱ्याच्या १२ मध्ये मालकापेक्षा वेगळं कसणाऱ्याचं नाव असतं तेही वाचा.

शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम, विदर्भात दाखल-खारीज. ते मुख्याध्यापकांकडे असतं. त्यात जन्मस्थळ आणि आधीची शाळा हे दोन रकाने मौल्यवान, कारण घर कुठून कुठे गेलं ते त्यातून कळतं. जन्मतारखेवर मात्र भिस्त ठेवू नका. तारीख माहीत नसली की मास्तर १ जून लिहीत.

जनगणनेत शोधू नका. आपल्याकडे माणसागणिक माहिती कायद्याने गोपनीय आहे. जुन्या मतदार याद्या मिळाल्या तर पाहा. पण १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको' एवढंच सांगितल्यामुळे देशभरात सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. आजी त्यात नसेल तर कारण हे असू शकतं.

कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या घरच्यांनी तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटचं दप्तर विचारावं. करारी मजुरांच्या नोंदी तिथे आहेत.

अर्ज कसा करायचा

जुने अभिलेख काही जिल्ह्यांत 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, आधी तिथे पाहा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना गावोगावची जुनी पुस्तकं तपासली गेली, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यातली पानं चढली. तुमचा शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी तुमच्या गावचं पान तिथे असू शकतं.

नाही मिळालं तर नक्कल अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून, तहसीलदारांच्या नावे. अर्जात मौजे, तालुका, नमुना, नंबर आणि साल नेमकं लिहा. 'आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी मिळाव्यात' हा अर्ज पडून राहतो. 'मौजे अमुक येथील फेरफार क्र. २११, ३४७ व ३९० यांच्या नकला मिळाव्यात' हा अर्ज रेकॉर्ड किपर हातात घेतो, कारण कागदांचा कोणता बस्ता (गाठोडं) सोडायचा ते त्याला कळतं. एका वेळी तीन-चार नंबर. अर्जाची पोच घ्या.

कागद नाही म्हणाले तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी मागा. लेखी द्यायचं म्हटलं की पुन्हा एकदा शोधलं जातं. तरीही काही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. कागद नेमका कोणता हे माहीत नसेल तर अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा. रेकॉर्ड किपरशी नीट बोला, महसुली वर्षअखेरीच्या धावपळीत, म्हणजे मार्च ते जुलैच्या सुमारास, जाऊ नका. हात धुऊन, पाणी-चहा लांब ठेवून पान उलटा. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्यांमुळे कोपरे झडलेली पुस्तकं मी पाहिली आहेत.

खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र यांसाठी दुय्यम निबंधक कार्यालय. सूची १ नावावरून, सूची २ मिळकतीवरून. शहरात घर असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि चौकशी नोंदवही.

वाचता येत नाही तेव्हा

१९५० च्या मागे गेलात की मोडी येणार हे धरून चाला. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि महिना-दोन महिने रोज अर्धा तास दिला तर निदान नावं ओळखू येतात. सगळं वाचता आलं नाही तरी स्वतःचं गाव, आडनाव आणि पुढचे शब्द ओळखायला शिका: 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' आणि 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. 'राणू बिन सखू' असं असेल तर सखू हा बाप, बाई नव्हे. आडनाव बऱ्याचदा नसतंच. रामा, रामजी, रामभाऊ, रामचंद्र हा एकच माणूस असू शकतो, बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर जुळला तरच तसं माना.

सालांचा हिशेब: शकात ७८ मिळवले की इसवी सन, फसली या महसुली सालात साधारण ५९०. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

प्रत्येक नकलेच्या मागे त्याच दिवशी पेन्सिलने लिहा: कुठल्या कचेरीतून, कधी, नमुना कोणता, नंबर काय. वंशावळ काढताना प्रत्येक नावाखाली तो नंबर टाका. नंबर नसेल तर 'घरी ऐकलेलं' असं लिहा आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. बायकांची चौकट नाव नसलं तरी काढा, रिकामी ठेवा. आमच्या तक्त्यात पणजीची चौकट तीन वर्षं रिकामी होती. आता तिच्या सासूची रिकामी आहे, आणि पुढच्या अर्जात मी फेरफार क्रमांक ८८ मागितला आहे.